टेलपर्यंत पाणी

म्हातारपणी स्नायू झिजतात ते प्रथिनं कमी पडतात म्हणून, हे माझं अनेक वर्षांचं मत. मत कसलं, रोजीरोटीच ती. मी आहारतज्ज्ञ. साठी ओलांडलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक साखरेचा नाहीतर कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट घेऊन, पण उठता उठता मांडीवर हात ठेवून म्हणतात, "इथलं पार गेलं बघा." त्यावर माझ्याकडे आकडा तयार असे.

आकडे खोटे नव्हते. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली. त्याआधी २०१३ साली प्रॉट-एज नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने पासष्टीपुढच्यांसाठी १ ते १.२ ग्रॅमची शिफारस केली होती. म्हणजे ६० किलोच्या आजोबांना रोज पन्नासच्या जागी साठ ते बहात्तर ग्रॅम. डॅनियल मूर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली आणखी बारीक हिशेब मांडला: तरुणाचे स्नायू एका वेळच्या जेवणात किलोमागे ०.२४ ग्रॅमवर तृप्त होतात, म्हाताऱ्याला त्यासाठी ०.४० ग्रॅम लागतात. मी हे सगळं वरणाच्या वाट्यांत, दह्यात, अंड्यांत आणि पनीरच्या तुकड्यांत बसवून देत असे, आणि घरी जाऊन शांत झोपत असे.

ही झोप उडवली ती एका निवृत्त शिक्षकांनी. गणित शिकवायचे, त्यामुळे माझा तक्ता त्यांनी गृहपाठासारखा घेतला. वहीत उभे रकाने आखलेले. सकाळी किती, दुपारी किती, रात्री किती, खाली बेरीज. एकदा वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, सगळे ग्रॅम पोटात पोचले. मांडीत एकही आला नाही." आणि खरंच, खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घ्यावा लागत होता, जो आधी एकाच हाताचा पुरत असे.

यावर मी काय केलं ते सांगायला जड जातं. आधी त्यांच्या दातांवर संशय घेतला, मग पचनावर, मग वहीवर. वही खरी आहे हे त्यांच्या सूनबाईंनी सांगितल्यावर पावडर वाढवली. पुढच्या वेळी वजन थोडं वाढलं होतं, पण पँटच्या कमरेत. मांडी होती तशीच. ते दिवसभर काय करतात हे मी विचारलंच नव्हतं. गुडघा दुखतो म्हणून ते खिडकीपाशी आरामखुर्चीत बसत, पेपर, दूरदर्शन आणि शब्दकोडी. हे मला न विचारताही कळलं होतं, पण ते माझ्या खात्यातलं नाही असं मी धरून चालले होते. हालचाल म्हणजे फिजिओथेरपीवाल्यांचं काम, माझं ताटाचं.

पुढे एका चर्चासत्रात ज्येष्ठांच्या आहारावर बोलायचं होतं. भाषणाच्या तयारीसाठी मी मूळ शोधनिबंध काढून बसले. एरवी आम्ही मंडळी सारांशावर भागवतो. टेक्सासच्या किनाऱ्याजवळ गॅल्व्हस्टन नावाचं बेट आहे, तिथे टेक्सास विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र आहे. एलेना व्होल्पी, ब्लेक रासमुसेन आणि त्यांचे सहकारी तिथे म्हाताऱ्यांच्या मांड्यांवर काम करत होते. पहिला धक्का २००१ सालच्या निबंधाने दिला. उपाशीपोटी, नुसतं पडलेलं असताना म्हाताऱ्यांचे स्नायू तरुणांपेक्षा कमी वेगाने प्रथिनं बांधतात, असं मला शिकवलं गेलं होतं आणि मीही पुढे शिकवलं होतं. निरोगी पुरुषांमध्ये त्यांना तसा फरक दिसला नाही. म्हणजे कारखाना म्हातारा झालेला नव्हता. मग बिघडतं कुठे?

बिघडतं जेवल्यावर. व्होल्पींच्या २००० सालच्या प्रयोगात तिशीतल्या आणि बहात्तरीच्या आसपासच्या लोकांना अमिनो आम्लं आणि ग्लुकोज एकत्र दिलं. तरुणांच्या स्नायूंतली प्रथिनांची बांधणी वाढली, वयस्करांची जागची हलली नाही. गंमत अशी की याच गटाने त्याआधी वयस्करांना नुसती अमिनो आम्लं दिली होती तेव्हा त्यांचे स्नायू व्यवस्थित जागे झाले होते. साखर मिसळली आणि इन्सुलिन चढलं, तसं तरुणाचं काम वाढलं आणि म्हाताऱ्याचं अडलं. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपलं ताट आलं. आपल्याकडे नुसतं प्रथिन खातो कोण? वरण येतं ते भाताबरोबर, उसळ पोळीबरोबर, पिठलं भाकरीबरोबर. प्रयोगातलं पेय आणि आपलं जेवण एक नव्हे, आणि त्यांचे स्वयंसेवक अमेरिकन होते. तरीही आपल्या जेवणातलं प्रथिन इन्सुलिनला सोबत घेऊनच रक्तात उतरतं, हे काही खोटं नाही.

इन्सुलिन आणि स्नायू यांच्या मधली जी जागा आहे, तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. स्नायूच्या धाग्यांमधून केशवाहिन्यांचं जाळं असतं. त्यांची उघडझाप कशी चालते यावरच्या शोधासाठी ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळालं होतं. विश्रांतीत या जाळ्यातल्या सगळ्या वाटांनी सारखं रक्त खेळत नाही. जेवण झालं की इन्सुलिन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला खुणावतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, बारीक धमन्या सैल होतात आणि एरवी कोरड्या राहिलेल्या केशवाहिन्यांत रक्त शिरतं. (नायट्रिक ऑक्साइडचं हे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं.) त्या रक्ताबरोबर अमिनो आम्लं धाग्याच्या दाराशी पोचतात. वय वाढतं तसं अस्तर आळसावतं. इन्सुलिन खुणावतं, वाट उघडत नाही.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. वीर धरण काठोकाठ भरल्याची बातमी पेपरात यायची आणि आमच्या चारीला चिखलसुद्धा नसायचा. वडील पाटकऱ्याशी भांडायचे, पाटकरी वरच्या गावांकडे बोट दाखवायचा. धरणात किती पाणी आहे यावर टेलच्या शेतकऱ्याचं पीक ठरत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि तरी इतकी वर्षं मी धरण भरायचे सल्ले देत बसले होते.

हे प्रयोग कसे होतात ते वाचून मला त्या स्वयंसेवकांबद्दल आदर वाटला. सत्तरीचा माणूस उपाशीपोटी पलंगावर पडलेला. जांघेतल्या धमनीत एक नळी, शिरेत दुसरी. एक हिरवा रंग सोडून पायातून दर मिनिटाला किती रक्त जातं ते मोजायचं. फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाला वजनदार अणूंची खूण लावून तेही सोडायचं. स्नायू हे आम्ल स्वतः बनवू शकत नाही आणि जाळूही शकत नाही, त्यामुळे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब लपत नाही. शिवाय दर काही तासांनी मांडीतून सुईने स्नायूचा शेंगदाण्याहून लहान तुकडा काढायचा. अशा प्रयोगात एका गटात जेमतेम पाच-सात माणसं असतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण निष्कर्ष वाचताना ते विसरायचं नाही.

२००६ साली रासमुसेन आणि मंडळींनी दाखवलं की थेट पायात तेवढंच इन्सुलिन सोडलं तर तरुणांचा रक्तप्रवाह आणि प्रथिनबांधणी दोन्ही वाढतात, वयस्करांची दोन्ही वाढत नाहीत. यातल्या वयस्करांना मधुमेह नव्हता. साखरेचा रिपोर्ट स्वच्छ, आणि स्नायूंचे कान मात्र बंद. मी आजवर इन्सुलिनला दाद न देणं ही गोष्ट फक्त साखरेशी जोडत आले होते. साखर ठीक असेल तर तो विषय बंद, पुढचा पेशंट. प्रथिनांच्या बाबतीत स्नायू वेगळा बहिरा होऊ शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मग २००७ सालचा सातोशी फुजिता आणि सहकाऱ्यांचा निबंध. माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते याने. सत्तरीच्या आसपासचे दोन गट. एकाला ४५ मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं, हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे बोलताना थोडं थांबावं लागेल इतपत. दुसरा गट बसून. त्यानंतर दोघांनाही पायात इन्सुलिन. बसलेल्या गटात पायाच्या दर १०० मिलिलिटरमागे रक्तप्रवाह मिनिटाला २.५ वरून २.६ मिलिलिटर झाला, म्हणजे काहीच झालं नाही. चाललेल्या गटात ३.८ वरून ५.३. प्रथिनबांधणी बसलेल्यांत वाढली नाही, चाललेल्यांत वाढली. कुठलंही डंबेल नाही, पावडर नाही. एकदाच केलेलं चालणं.

मी आकडे मुद्दाम पूर्ण लिहिले, कारण त्या रात्री मी ते वहीत उतरवून घेतले होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हे चूक असलं पाहिजे. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, मन रमवण्यासाठी. स्नायू बांधायचे तर वजनं उचलायला हवीत आणि प्रथिनं खायला हवीत, हे आमच्याकडे पाढ्यांसारखं पाठ. चालण्याने मांडी भरते असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. आणि निबंधही तसं म्हणत नव्हता. तो म्हणत होता की चाललेल्या म्हाताऱ्याचा स्नायू इन्सुलिनचं ऐकतो. या दोन विधानांतला फरक माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

चालण्याने तर शंभर गोष्टी होतात, मग श्रेय रक्तप्रवाहाला का द्यायचं? ही शंका गॅल्व्हस्टनवाल्यांनाही होती. काइल टिमरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ती दोन्ही बाजूंनी तपासली. तरुणांमध्ये नायट्रिक ऑक्साइडची वाट औषधाने बंद केली. इन्सुलिन दिलं तरी रक्तप्रवाह वाढला नाही आणि प्रथिनबांधणीही वाढली नाही. तरुण पाय काही तासांसाठी म्हातारा झाला. मग निरोगी वयस्करांच्या पायात इन्सुलिनबरोबर सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध दिलं, आणि अडलेली बांधणी सुरू झाली. पण ग्लुकोजचा वापर काही सुधारला नाही. मला हा तपशील सगळ्यांत आवडला. साखरेचं कुलूप आणि प्रथिनांचं कुलूप वेगळं निघालं.

आता इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. मी थांबले नाही. नव्याने धर्म बदललेल्या माणसाचा उत्साह माझ्यात शिरला. चर्चासत्रात मी ग्रॅमवाल्यांची, म्हणजे कालपर्यंतच्या माझीच, टिंगल केली. ताटात बिटाची कोशिंबीर आली, लसूण आली, गडद चॉकलेटचा तुकडा आला. रक्तप्रवाह वाढवला की झालं, असं मी जवळजवळ म्हणू लागले. जिममध्ये मिळणाऱ्या आर्जिनिनच्या पुड्यांबद्दल एका पेशंटच्या मुलाने विचारलं तेव्हाही मी नाही म्हटलं नाही. "हरकत नाही," म्हटलं. आहारतज्ज्ञाचं 'हरकत नाही' लोक 'घ्याच' असं ऐकतात, हे मला चांगलं माहीत आहे.

या उत्साहावर पाणी पडलं ते इंग्लंडातून. नॉटिंगहॅम विद्यापीठाचा एक गट डर्बी शहरात काम करतो. बेथन फिलिप्स, फिलिप अॅथर्टन ही त्यातली नावं. त्यांनी स्नायूंतल्या बारीक वाहिन्या अल्ट्रासाऊंडवर दिसाव्यात म्हणून रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडण्याची पद्धत वापरली, म्हणजे फक्त मोठ्या धमनीतला ओघ न मोजता टेलपर्यंतचं पाणीही मोजलं. तरुणांना भरपूर पोषण देऊन वर औषधाने पायातला प्रवाह वाढवला. प्रवाह वाढला, बांधणी आणखी वाढली नाही. वयस्कर पुरुषांना कोकोतली फ्लॅव्हॅनॉल्स दिली. मोठ्या आणि बारीक, दोन्ही वाहिन्यांतलं काम सुधारलं. अमिनो आम्लांना स्नायूंनी दिलेला प्रतिसाद होता तेवढाच. अमिनो आम्लांत आर्जिनिन मिसळून दिलं, तेव्हा स्नायूत रक्त जास्त खेळलं, बांधणीत फरक शून्य. माझं चॉकलेट गेलं, पुड्याही गेल्या. बीट मी ठेवलं, चवीला बरं लागतं म्हणून.

दोन्हीकडची माणसं तोलामोलाची, मग खरं कोण? मी यावर बराच काळ अस्वस्थ होते. आज माझी समजूत अशी झाली आहे, आणि ती माझी आहे, कुणा निबंधाच्या माथी मी ती मारत नाही. गॅल्व्हस्टनच्या त्या प्रयोगांत इन्सुलिन थेट पायात सोडलं होतं. तिथे अडचण अमिनो आम्लं दाराशी पोचण्याची होती, म्हणून वाट उघडल्यावर काम सुरू झालं. डर्बीत रक्तातच अमिनो आम्लांची रेलचेल होती. दाराशी ढीग पडलेला, वाट रुंद करून आणखी काय साधणार? आणि मुख्य म्हणजे, धागा आत घ्यायला तयार हवा. फुजितांच्या चाललेल्या गटात फक्त रक्त वाढलं नव्हतं. स्नायूच्या आत प्रथिनं बांधायचा हुकूम पोचवणारी एमटॉर ही साखळीही त्यांच्यातच जागी झाली होती, आणि रक्तवाहिन्या आवळणारं एंडोथेलिन त्यांच्यात कमी होतं. हे मी पहिल्या वाचनात वाचलं होतं, पण रक्तप्रवाहाच्या आकड्यावर भाळल्यामुळे त्यावरून नजर सरकली. माइक रेनी यांच्या गटाने २००५ सालीच दाखवलं होतं की म्हाताऱ्या स्नायूंत हा आतला हुकूमच क्षीण असतो. टेलला पाणी पोचलं तरी रान नांगरलेलं आणि पेरलेलं लागतं. वडिलांना हे सांगावं लागलं नसतं.

तेव्हा रक्तप्रवाह ही पोचण्याची अट आहे, बांधणीचा हुकूम नव्हे. आणि अट लांब पल्ल्यात किती महत्त्वाची ठरते याचं एक उदाहरण मला नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या कामात सापडलं. तिथे टिम स्नायडर्स आणि सहकाऱ्यांनी सत्तरीच्या पुरुषांकडून २४ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. ज्यांच्या स्नायूंच्या धाग्यांभोवती सुरुवातीलाच केशवाहिन्यांचं जाळं चांगलं होतं, त्यांचे जोरकस धागे भरले. ज्यांचं जाळं विरळ, त्यांना तोच घाम गाळून फारसं मिळालं नाही. केशवाहिन्या वाढवण्याचं माहितीतलं साधन म्हणजे दमसासाचा व्यायाम, म्हणजे पुन्हा चालणं. त्यामुळे ज्याची ताकद अगदीच गेली आहे त्याला मी आता आधी काही आठवडे चालायला लावते आणि मग वजनांकडे पाठवते. हा क्रम बरोबर आहे याचा पक्का पुरावा माझ्याकडे नाही, तर्क आहे.

न चालण्याचा पुरावा मात्र भक्कम आहे, आणि भीतिदायकही. ली ब्रीन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात निरोगी वयस्करांना दोन आठवडे फक्त पावलं कमी करायला सांगितली, दिवसाला साधारण चौदाशेपर्यंत. आजारपण नाही, अंथरूण नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कितीतरी आजोबा असेच असतात. पायांचं स्नायूवस्तुमान जवळजवळ ४ टक्क्यांनी घटलं आणि जेवल्यानंतरची प्रथिनबांधणी २६ टक्क्यांनी. दुसरा प्रयोग २००७ सालचा: निरोगी वयस्कर माणसं १० दिवस अंथरुणावर, आणि पायांतले जवळजवळ १ किलो स्नायू गेले. त्याच्याही आधी, १९९४ साली, मारिया फियाटारोन यांनी बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात शंभर अशक्त माणसांवर प्रयोग केला होता. सरासरी वय ८७. काहींना वजनांचा व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही. व्यायामाने ताकद वाढली. नुसत्या पेयाने अशक्तपणा हटला नाही. हा निबंध आमच्या अभ्यासक्रमात होता. मी परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं असेल. परीक्षेनंतर त्याचं काय झालं ते परमेश्वर जाणे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे, २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेलं. शेजारी ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्यात २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, अशी आपली घडण आहे, आणि आपल्याकडे इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण त्यामुळे जास्त. गॅल्व्हस्टनचे सत्तरीचे लोक निरोगी, मधुमेह नसलेले होते, तरी त्यांची वाट अडली. आपल्या मधुमेही, उच्च रक्तदाबाच्या, बसून राहिलेल्या ज्येष्ठांची किती अडत असेल? मला वाटतं, जास्त. पण हा माझा अंदाज आहे, आणि पूर्वीच्या उत्साहाचा अनुभव असल्यामुळे मी तो भाषणात सांगत नाही.

ग्रॅम मी सोडले नाहीत. वरणाची पातळ वाटी आणि दोन पोळ्यांवर दिवस काढणाऱ्या आजींना आजही प्रथिनं वाढवायलाच सांगते, मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून. फक्त माझ्या प्रश्नांचा क्रम उलटा झाला आहे. आधी विचारते: दिवसातून किती वेळा जिना चढता? भाजी कोण आणतं? सलग किती वेळ बसता? मग ताटाकडे येते. जेवणाआधी चालायचं की नंतर, यावर लोक हमखास वाद घालतात, कारण शतपावली आपल्या हाडात भिनलेली आहे. नंतरची शतपावली साखरेसाठी चांगलीच. पण फुजितांच्या प्रयोगातलं चालणं आधीचं होतं, आणि शंभर पावलांचं नक्कीच नव्हतं. म्हणून मी दोन्ही सांगते, आणि दम लागेल असं चालणं कधीही चालेल म्हणते. रक्तदाबाची गोळी वाहिन्या सैल करते, मग तीच स्नायूंसाठी वाढवू का, असंही एकाने विचारलं. नाही. प्रयोगशाळेत पायात थेंब-थेंब सोडलेलं औषध आणि घरातली गोळी एक नव्हे. चक्कर येऊन पडाल, आणि त्या वयात पडणं म्हणजे पुन्हा अंथरूण.

अडचण मात्र रुग्णाकडून कमी, घरच्यांकडून जास्त येते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान म्हणजे त्यांना जागचं हलू न देणं. पाण्याचा तांब्या हातात, पेपर हातात, औषध हातात. त्या गणिताच्या सरांच्या सूनबाई अगदी अशाच. गुडघा दाखवून झाला होता, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, तरी त्या त्यांना दुधाच्या पिशवीसाठी कोपऱ्यापर्यंत जाऊ देत नव्हत्या. मी त्यांना समोर बसवून केशवाहिन्यांपासून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं पटतंय मला. पण सत्तरीच्या माणसाला मी दुधाला पाठवते म्हटल्यावर चाळीत काय बोलतील, ते पण सांगा ना."

सर मध्येच म्हणाले, "बोलू देत. मी दही पण आणीन."